मालकाच्या पोराला सगळं दिसतं म्हणे!

प्रश्न : ताई नमस्कार, मी परळीचा, सध्या लातूरला रूम करून राहायलोय, वायफाय घरमालकाचंच, भाड्यातच धरलेलं. परवा मालकाचा पोरगा हसत हसत म्हणला, तुम्ही रात्री काय बघता ते सगळं मला दिसतंय. तसलं काही बघत नाही मी, पण तेव्हापासून डोक्यात भुंगा लागलाय. एक मित्र म्हणायलाय फुकटचं व्हीपीएन टाक, दुसरा म्हणायलाय दोन वर्षाच्या ऑफरमधी घे. काय करू?
– एक वाचक, लातूर

उत्तर : दादा, पोरगा फेकायलाय. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे मजकूर कुलूपबंद करून पाठवायच्या पद्धतीवर चालतात, त्यामुळं राउटरवाल्याला फार तर साइटचं नाव कळतं, म्हणजे तुम्ही यूट्यूब उघडलं एवढं कळंल पण कीर्तन ऐकलं का कुस्ती बघितली ते नाही, अन् पासवर्ड, मेसेज तर नाहीच नाही.

तेवढं नाव पण कळू नये वाटत असंल तर व्हीपीएन कामाचं, म्हणजे तुमचं नेट कुलूपबंद करून आधी आपल्या मशीनमधून (सर्व्हरमधून) नेणारं अ‍ॅप. पण मग जे मालकाला दिसायचं ते व्हीपीएनवाल्या कंपनीला दिसू शकतं, रान एकाच्या बटईतून काढून दुसऱ्याला लावल्यासारखं, पीक कुणाच्या तरी नजरेखालून जाणारच. म्हणून दुसरा माणूस कोण ते बघायचं, किती देशात सर्व्हर अन् किती स्पीड हे नंतर.

फुकटाचं सांगते. फेसबुकचं ओनावो नावाचं फुकट व्हीपीएन होतं, लोक कोणतं अ‍ॅप किती वापरतात ते त्यातून फेसबुकलाच कळायचं, २०१८ ला ते अ‍ॅपलच्या स्टोअरमधून गेलं अन् २०१९ ला बंदच पडलं. होला नावाच्या फुकट व्हीपीएनचं तर २०१५ ला उघडं पडलं की फुकट वापरणाऱ्यांचंच कनेक्शन दुसऱ्यांना विकायलेत, म्हणजे उद्योग भलत्याचा अन् आयपी (नेटवरचा पत्ता) तुमचा!

फुकटच पाहिजे तर प्रोटॉनचं घ्या, त्याला डेटाची लिमिट नाही, फक्त देश आपल्या मनानं निवडता येत नाही. पैसे घालणार असाल तर मला मुलवाड आवडतं, महिन्याला पाच युरो, म्हणजे आपले पाचशेच्या आसपास, नाव नाही ईमेल नाही, नुसता एक अकाउंट नंबर. एप्रिल २०२३ मधी स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले अन् रिकाम्या हातानं परत आले, कारण गिऱ्हाइकांची माहिती साठवलेलीच नव्हती. 'आम्ही लॉग, म्हणजे वापराची नोंद, ठेवत नाही' असं सगळेच म्हणतात हो, पण अशी झडती किती जणांची झाली?

दोन वर्षाच्या ऑफरला माझा नकार. मधीच कंपनी विकली गेली तर? एक्सप्रेसव्हीपीएन २०२१ ला केप नावाच्या कंपनीनं घेतलंच की.

आपल्याकडं व्हीपीएन वापरणं गुन्हा नाही. पण सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानं कंपन्यांना गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आयपी पाच वर्षं ठेवायला सांगितलं, म्हणून नॉर्ड, एक्सप्रेस, सर्फशार्क, प्रोटॉन या सगळ्यांनी इथले सर्व्हर उचलले. त्यांच्या अ‍ॅपमधी 'इंडिया' दिसलं तरी मशीन बाहेरच्या देशात असतं.

टाकल्यावर किल स्विच चालू करा, व्हीपीएन तुटलं की नेटच थांबतं. बँकेचं अ‍ॅप कधीकधी रुसतं, तेवढ्यापुरतं बंद करून मोबाइल डेटावर काम उरका. अन् जीमेलला लॉगिन असाल तर गुगलला तुम्ही कोण ते माहीतच असतं, तिथं व्हीपीएन काही करत नाही.

हां, मालकाचा पोरगा कधी म्हणला की 'हे सर्टिफिकेट मोबाइलमधी टाका, तरच नेट चालंल', तर अजिबात टाकू नका. मग मात्र ब्राउझरमधलं त्याला खरंच दिसंल.