देव पाण्यात, आम्हीही पाण्यात

या वेळी पत्रांचा ढीग एकाच विषयावर आलाय. अर्धा हिवाळा संपला, बर्फाचा पत्ता नाही, नुसती रिपरिप. कोण कुठून लिहितंय ते मी काढून टाकलंय कारण रडगाणं सगळीकडचं सेम आहे. बर्फवेड्यांसाठी देव पाण्यात घालून बसायची ही पहिली वेळ नाही, पण यंदा देवांबरोबर आपणही भिजतोय.

प्रश्न : ताई, माझ्या फोनमधला बर्फ कायम दहा दिवसांवर असतो. गेल्या सोमवारी बघितलं तर पुढच्या गुरुवारी स्नोचं चिन्ह, मी घरात जाहीर करून मोकळा झालो, बुधवारी बघतो तर तिथे थेंब. हे ॲपवाले मुद्दाम करतात का?
– दिवसातून वीस वेळा रिफ्रेश करणारा

उत्तर : मुद्दाम नाही हो. लांबच्या दिवसांचं ते चिन्ह बहुतेक ॲपमध्ये माणूस बघतच नाही, मॉडेलच्या, म्हणजे हवामानाचं गणित करणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमच्या, आकड्यांवरून ते आपोआप येतं. जीएफएस नावाचं अमेरिकन मॉडेल दिवसातून चार वेळा नव्याने चालतं आणि ३८४ तास म्हणजे १६ दिवस पुढचं काढून देतं, म्हणजे रोज चार नवी भविष्यं फुकट, आणि त्यातलं आवडेल तेच आपल्या लक्षात राहतं (माझंही तेच होतं, खोटं कशाला बोलू). १९६१ मध्ये एडवर्ड लॉरेन्झ हे हवामानशास्त्रज्ञ कॉम्प्युटरवर हवामानाचं गणित परत चालवत होते, तेव्हा त्यांनी ०.५०६१२७ च्या जागी नुसतं ०.५०६ टाकलं, आणि तेवढ्यानेच पुढचं सगळं हवामान पार वेगळं निघालं. तुमचा गुरुवार असाच हरवतो.

मग बघायचं काय, तर एन्सेम्बल. हवामानाच्या अंदाजाचं युरोपियन सेंटर आहे, तिथले लोक सुरुवातीचे आकडे किंचित किंचित बदलून तेच मॉडेल ५० वेळा चालवतात. त्या ५० पैकी ४ मध्ये बर्फ असेल तर तो अंदाज नाही, नवस आहे. ३५ मध्ये असेल आणि दुसऱ्या दिवशीही आकडा तिथेच राहिला तर फावडं कुठे ठेवलंय ते शोधा. पाच-सहा दिवसांच्या पलीकडे चिन्ह बघूच नका, थंड हवा आपल्याकडे वळतेय का एवढंच बघा, आणि घरात जाहीर करायचं ते आदल्या संध्याकाळी.

प्रश्न : गेल्या वर्षी २ डिग्रीला मस्त भुरभुर बर्फ पडला होता, यंदा २ डिग्रीलाच धो धो पाऊस. वर समोरची टेकडी पांढरी झालेली दिसते. आमच्यावरच राग का?
– टेकडीच्या पायथ्याशी

उत्तर : सगळी मेख इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आधी एक गोष्ट सांगते, तिने बरं वाटेल की आणखी जळफळाट होईल ते तुमचं तुम्ही बघा. थंड प्रदेशातल्या हिवाळ्यात तुमच्या छत्रीवर जो थेंब पडतो तो वर ढगात असताना बहुतेकदा बर्फच होता. खाली येताना शून्याच्या वरची हवा लागली, वितळला, संपलं. हवामानाच्या रडारवर या वितळण्याच्या थराचा चक्क उजळ पट्टा दिसतो, कारण पाण्याने माखलेला भुगा रडारला खूप मोठा वाटतो. म्हणजे बर्फ रोज पडतोय, फक्त तुमच्या घराच्या काहीशे मीटर वर पडतोय.

आता २ डिग्रीचं. नुसतं तापमान बघून काही कळत नाही, ओलावा बघावा लागतो. हवा कोरडी असेल तर पडता पडता स्फटिकातलं थोडं पाणी उडून जातं आणि त्यात तो थंड होतो, ओला टॉवेल वाऱ्यावर धरला की गार होतो ना, तसंच. असं गार होत होत तो ज्या तापमानाला येऊन थांबतो त्याला वेट बल्ब तापमान म्हणतात. हवा ३ डिग्री आणि आर्द्रता ५० टक्के असेल तर वेट बल्ब शून्याच्या आसपास येतं, म्हणजे बर्फाला वाट मोकळी. तेच ३ डिग्री आणि ९५ टक्के असेल तर वेट बल्ब अडीचच्या वरच राहतं, म्हणजे छत्री. हे दमट पावसाळी हिवाळे आपल्याला मारतात ते असे, उष्णतेपेक्षा ओलाव्याने. ॲपमध्ये वेट बल्ब नसेल तर दवबिंदू, म्हणजे हवा ज्या तापमानाला गार झाली की दव पडतं तो आकडा, बघा, तो शून्याच्या वर चढला की माझी तरी आशा तिथेच संपते.

टेकडीचं कोडं सोपं आहे. १०० मीटर वर गेलं की साधारण ०.६५ डिग्री कमी होतं, म्हणजे २०० मीटरला सव्वा डिग्री. तुमचा सगळा सीझन या सव्वा डिग्रीवर अडकलाय. पण एक चोरवाट आहे. वारा पडलेला असेल आणि पाऊस जोराचा असेल तर वरचा बर्फ वितळताना आजूबाजूच्या हवेतली उष्णता खात जातो, तो थर थंड होत होत खाली सरकतो आणि अर्ध्या तासात पावसाचा बर्फ होऊ शकतो, कुठल्याही ॲपमध्ये नसताना. अशा रात्री मी गडद रंगाचं जॅकेट घालून स्ट्रीटलाइटखाली उभी राहते आणि हात पुढे करून बाहीवर बघते. थेंब पडला की लगेच पसरतो. पण मध्येच एखादा पडतो त्याला कड असते, मध्ये साबुदाण्याएवढा पांढुरका गाभा, दोन सेकंद टिकतो आणि मग पाणी होतो. तो दिसला की मी आत जात नाही. शेजारी बघतात, बघू देत.

प्रश्न : सगळे म्हणतायत पोलर व्हर्टेक्स तुटला, आता बघाच. खरंच बघू का?
– शेवटची आशा

उत्तर : बघा, पण एक डोळा मिटून. पोलर व्हर्टेक्स म्हणजे ध्रुवाभोवती वर स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे ढगांच्याही वरच्या हवेच्या थरात, गरगरणारे पश्चिमेचे वारे. कधी कधी साधारण ३० किलोमीटरवरची हवा काही दिवसांत कित्येक डिग्री, अगदी ४०-५० सुद्धा, तापते आणि ते वारे उलटे फिरतात. १९५२ मध्ये बर्लिनला रिखर्ड शेरहाग या हवामानशास्त्रज्ञाने हे पहिल्यांदा पकडलं. त्याचा परिणाम खाली यायला एक-दोन आठवडे किंवा जास्तच लागतात आणि दरवेळी येतोच असं नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये असं झालं आणि महिनाअखेरीस युरोप गारठला. उलट २०१९-२० ला व्हर्टेक्स इतका भक्कम होता की सगळी थंडी ध्रुवाकडेच कोंडली गेली आणि युरोपचा तोवरच्या नोंदींतला सगळ्यात उबदार हिवाळा तो ठरला. आणि मुख्य म्हणजे थंडी सांडली तरी ती सगळीकडे सारखी सांडत नाही, एकाच्या अंगणात थंडी येते तेव्हा दुसऱ्याच्या अंगणात उबदार वारं शिरतं. तुम्ही कुठल्या बाजूला ते व्हर्टेक्स विचारत नाही.

प्रश्न : या महिन्यात ८० मिमी पाऊस झाला. १ मिमीला १ सेंमी धरला तर ८० सेंमी बर्फ गेला हो!
– हिशेबनीस

उत्तर : हा हिशेब आम्ही सगळेच करतो आणि स्वतःला छळतो. पण तो १० पट वाला नियम बऱ्यापैकी थंड हवेचा आहे. शून्याच्या आसपास पडणारा बर्फ ओला आणि जड असतो, पाचपट-सातपट धरा, म्हणजे तुमचे ४०-५५ सेंमी गेले. त्यातलंही निम्मं पडता पडता वितळलं असतं. घ्या, नुकसान एका ओळीत कमी करून दिलं.

प्रश्न : एकदाच पडला होता, १२ सेंमी. रात्री पाऊस आला आणि सकाळी गवत. एवढ्याशा पावसाने एवढा बर्फ धुतला?
– सकाळी लवकर उठणारी

उत्तर : पावसावर उगाच आळ आलाय. ५ डिग्रीचा १० मिमी पाऊस बर्फावर पडला तर त्याच्यातल्या उष्णतेने जेमतेम ०.६ मिमी पाण्याएवढा बर्फ वितळतो, एवढंच. खरा चोर असतो पावसाबरोबर आलेला ओला उबदार वारा. त्यातली वाफ गार बर्फावर जमून पाणी होते आणि एक ग्रॅम वाफ जमताना जी उष्णता सोडते तिच्यात सात ग्रॅमच्या वर बर्फ वितळतो. म्हणून रात्री बर्फावर धुकं तरंगताना दिसलं आणि वारा सुटला की समजायचं, खायला बसलंय. कोरड्या हवेत ५ डिग्रीच्या उन्हातसुद्धा बर्फ जास्त टिकतो, ते याच्यामुळे.

प्रश्न : ताई, मी चौदा वर्षांचा आहे. बाबा म्हणतात त्यांच्या लहानपणी जास्त पडायचा. खरं का?

उत्तर : बाबा थोडं वाढवून सांगत असतील, पण एकदम खोटं नाही रे. हवा एक डिग्री तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते. जिथे हिवाळा उणे १५ असतो तिथे त्याने उलट बर्फ वाढूही शकतो. पण जिथे हिवाळा शून्याच्या उंबरठ्यावरच बसलेला असतो तिथे तेच पाणी पाऊस होऊन येतं. तुमचं घर उंबरठ्यावर दिसतंय. पण तिथेही अधूनमधून चांगला पडतो, फक्त तेव्हा झोपून राहू नकोस.

प्रश्न : तेच विचारायचं होतं. रात्रभर जागणं जमत नाही, पावसाचा बर्फ झाला हे अंथरुणातून कळेल का?
– सकाळची शिफ्टवाली

उत्तर : कळतं, कानाने. खिडकीच्या पत्र्यावर टपटप चालू असते, मग ती विरळ होते, मध्येच सरसर असा वाळूसारखा आवाज येतो आणि मग काहीच नाही. आपल्याला वाटतं पाऊस थांबला, कूस बदलून झोपतो. मी दोन वेळा अशी फसलेय. थांबला असं वाटलं की आधी उठून पडदा सरकवा.