लस नको म्हणणारे बाबा

“मॅडम, ती एचपीव्हीची लस द्यावी का हो मुलीला?”

एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा विषाणू. त्याच्या लशीचा हा प्रश्न माझ्याकडे कधीच पहिला येत नाही. माणसं आलेली असतात मुलीच्या अभ्यासासाठी, नाहीतर घरातल्या धुसफुशीसाठी. पर्स उचलून, चपला घालून दाराशी गेल्यावर आई वळते आणि विचारते. दाराशी आलेला प्रश्न मी पुन्हा खुर्चीत बसवून ऐकते, कारण खरं दुखणं बरेचदा तिथेच असतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत हे विचारणं एकदम वाढलं. अर्थसंकल्पात ९ ते १४ वयाच्या मुलींच्या लसीकरणाला प्रोत्साहन देण्याची घोषणा झाली आणि लगेच दुसऱ्या दिवशी एका अभिनेत्रीच्या मृत्यूची खोटी बातमी पसरली. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली म्हणून. नंतर बाईंनी स्वतःच सांगितलं, जनजागृतीसाठी केलं. प्रकार मला अजिबात पटला नाही, पण घराघरांत विषय निघाला हे खरं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशक आहे. लशीबद्दलच्या वैद्यकीय शंका बालरोगतज्ज्ञांनीच सोडवायच्या. त्यांनी सगळं समजावून सांगितल्यावरही जे उरतं, ते माझ्याकडे येतं.

मनीषा आणि संतोष (नावं आणि तपशील बदलले आहेत) आले ते सततच्या वादांसाठी. वादाचं ताजं कारण होतं लस. मुलगी तनू बारा वर्षांची. डॉक्टरांनी लस सुचवली, मनीषा तयार होती. संतोष मात्र वर्षभर “बघू” म्हणत होते.

मी विचारलं, “काय बघायचंय तुम्हाला?”

ते तयारीने आले होते. मोबाईल काढून त्यांनी आंध्र आणि गुजरातमधल्या मुलींच्या मृत्यूंचा मेसेज वाचून दाखवला. तो मेसेज निराधार नव्हता. २००९-१० मध्ये तिथे या लशीचा एक प्रकल्प झाला, सात मुलींच्या मृत्यूनंतर तो थांबवला गेला. चौकशीत ते मृत्यू लशीमुळे नसल्याचं दिसलं. बुडणं, सर्पदंश, मलेरिया अशी कारणं होती. पण त्याच चौकशीत हेही उघड झालं, की अनेक मुलींच्या संमतिपत्रावर आईवडिलांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. त्यामुळे पालकांच्या अविश्वासाला मी अडाणीपणा म्हणत नाही. आपल्या मुलीला काय टोचतायत हे विचारायचा हक्क त्यांचाच आहे.

संतोषना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “बरं. पण पुढे मूल व्हायला त्रास झाला तर?” तसं काही आढळलेलं नाही, हे त्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग खर्चाचं निघालं. पुण्यात सिरमची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून मिळतेय, डोस तेव्हा साधारण दोन हजारांचा. तनूच्या क्लासची फी त्याच्या कितीतरी पट, हे मनीषाने लगेच ऐकवलं. मग ते म्हणाले, “अजून लहान आहे ती.”

इथे मी शंका सोडवणं थांबवलं. एकामागून एक शंका फिटत जाते आणि निर्णय मात्र तसूभर हलत नाही, तेव्हा तो निर्णय त्या शंकांवर उभाच नसतो. इतक्या वर्षांच्या कामातून आलेली ही माझी खूणगाठ आहे आणि ती मला क्वचितच दगा देते. माणसाला अडवते ती घटना नसते, त्या घटनेबद्दल तो मनातल्या मनात स्वतःला जे वाक्य ऐकवत असतो ते असतं. ते वाक्य एकदा मोठ्याने बोललं गेलं, की तपासता येतं.

पुढच्या भेटीत मी विचारलं, “समजा लस पूर्ण सुरक्षित आहे, फुकट आहे, उद्या शाळेतच मिळणार आहे. तरी नको वाटेल?”

“हो.”

“का?”

“तसल्या आजाराची लस माझ्या मुलीला कशाला?”

‘तसल्या’ म्हणजे कसल्या, हे मी विचारणारच होते. त्याआधी मनीषा हळूच म्हणाली, “अहो, आत्यांना काय झालं होतं?”

“पोटाचं होतं आत्याचं!” संतोषचा आवाज एवढा चढला, की त्यांचे तेच गप्प झाले.

मग बराच वेळ लागला. संतोषना वाढवलं ते आत्याने, बार्शीजवळच्या गावात. पंधराव्या वर्षी लग्न, तिशीच्या आत वैधव्य. नंतर तिने शेत सांभाळलं आणि भावाचा मुलगा शिकवला. आजारी पडली तेव्हा दहावीतला संतोष तिला एसटीने बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलला न्यायचा. फाइल त्याच्याच हातात असायची, त्यामुळे आजार कुठला हे त्याने वाचलेलं. एकदा बाकावर बसले असताना गावातली एक बाई दुसरीला म्हणाली, “बाईमाणसाला हा रोग उगाच होत नाही.” त्या दिवसापासून त्याने घरीदारी सगळ्यांना ‘पोटाचं’ सांगायला सुरुवात केली. लग्नानंतर बायकोलाही तेच सांगितलं. आणि पंचवीस वर्षांनी लशीच्या निमित्ताने मोबाईलवर वाचलं, की हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो.

म्हणजे हा माणूस तनूला लशीपासून वाचवत नव्हताच. तो आत्याची अब्रू राखत होता. लशीला ‘हो’ म्हटलं की त्या बाकावरच्या बाईचं खरं ठरणार होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा, खरं सांगते, या माणसाबद्दल मला फार आदर वाटला.

आता तपासायला वाक्य मिळालं होतं: हा आजार झाला म्हणजे बाईचं पाऊल घसरलं. मी सांगितलं, शरीरसंबंध असलेल्या बहुतेक सगळ्याच स्त्रीपुरुषांना हा विषाणू आयुष्यात कधी ना कधी गाठतो. एकाच जोडीदाराशी संसार केलेल्यांनाही. दहातल्या नऊ वेळा शरीर त्याला दोनेक वर्षांत हुसकावून लावतं. उरलेल्यांपैकी काहींमध्ये तो ठाण मांडून बसतो आणि पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. त्यात चारित्र्याचा संबंध कुठे आला?

ते म्हणाले, “म्हणजे मामांकडून आला?” आत्याच्या यजमानांना ते मामा म्हणत.

“आला असेल. त्यांनाही कळलं नसणार. पुरुषांना बहुधा काही जाणवतच नाही.”

संतोष रडले. मनीषाने त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

मी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. आत्या गेली त्यानंतर थोड्याच काळाने त्यांच्या शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते निष्कर्ष जगभर वाचले गेले. त्या बायकांत आत्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, एकाच घरात आयुष्य काढलेल्या कितीतरी होत्या. देशात आजही वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कर्करोग होतो आणि ८० हजारांच्या आसपास जातात. इतक्या सगळ्या ‘तशा’ कशा असतील?

मुलीला लस दिली म्हणजे तिला मुभा दिली, असंही पुष्कळ आईवडिलांना वाटतं, फक्त ते कुणी बोलून दाखवत नाही. त्यांना मी बाळाचं लसीकरणाचं कार्ड काढायला सांगते. अगदी वरच हिपॅटायटिस बी असते, जन्मल्यावर २४ तासांत द्यायची. हिपॅटायटिस बीसुद्धा शरीरसंबंधातून पसरू शकतो. ती टोचताना पाळण्यातल्या पोरीच्या चारित्र्याची काळजी कुणी केली होती का? लस घेतलेल्या मुली लवकर संबंधांकडे वळतात असंही परदेशातल्या अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि ‘अजून लहान आहे’ हेच तर लस देण्याचं कारण. ठाण मांडलेल्या विषाणूला ती हटवत नाही, म्हणून तो येण्याआधीच द्यायची. ९ ते १४ मध्ये सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस, पंधरा उलटली की तीन. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना एक डोसही चालेल म्हणते, पण ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मुलीला किती सांगायचं? तिने विचारलंय तेवढं. ‘मोठेपणी होणारा एक कर्करोग टाळायची लस’ एवढ्यावर बाराव्या वर्षी बहुतेक मुलींचं भागतं. पुढचं विचारलं तर खरं सांगावं, लाजून विषय बदलू नये. तनूने विचारलं ते फक्त इंजेक्शन दुखेल का. दुखतं थोडं, हात दिवसभर जड राहतो. काहींना चक्कर येते म्हणून पंधरा मिनिटं बसवून ठेवतात.

मनीषाची स्वतःची या कर्करोगासाठीची तपासणी कधीच झालेली नव्हती. तिच्या वयाला लशीपेक्षा ती महत्त्वाची, आणि लस घेतली तरी पुढे तनूलाही ती करावी लागेलच. मनीषाने तारीख घेतली, संतोष सोबत गेले.

फक्त संतोषच्या आईला अजून कुणी काही सांगितलेलं नाही. “तिला टायफॉइडची लस म्हणून सांगितलंय,” संतोष ओशाळं हसत म्हणाले. मी हट्ट धरला नाही.