वाचकांचे प्रश्न : खाडीच्या कडेनं, द्राक्षबागांमधून

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबाग आहे. मुलगी-जावई फ्रान्सला बोर्दोमध्ये असतात, ऑगस्टअखेरीस त्यांच्याकडं जातोय, ऑक्टोबर छाटणीच्या आत परत यायचंय. वारीमुळं चालायची सवय आहे पण यांचे गुडघे आता चढ-उताराला दुखतात. जावई म्हणतात तिकडं लोक वाईन चाखायलाच फिरतात. आम्ही माळकरी, आम्हाला त्यात रस नाही. मग नुसतं निवांत चालत बघण्यासारखं काही आहे का?

उत्तर : काकू, आहे, आणि भरपूर आहे. जावईबापूंना सांगा की ग्लासाला हात न लावता तिथं दिवसच्या दिवस चालता येतं, आणि तुम्ही तर स्वतः बागायतदार, म्हणजे बाकीचे प्रवासी जिथं फोटो काढून पुढं जातात तिथं तुम्ही दोघं खाली वाकून खोड आणि माती बघत बसाल.

आधी नकाशा डोक्यात घ्या. बोर्दोच्या पुढं, समुद्राच्या दिशेला, गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या मिळतात आणि तिथून समुद्रापर्यंत साधारण ७५ किलोमीटर लांब अशी जी प्रचंड खाडी होते तिचं नाव जिरोंद. पाणी कायम गढूळ तपकिरी. ती घाण नव्हे, गोडं पाणी आणि खारं पाणी भेटतं तिथं गाळ तळाला न बसता तरंगत राहतो म्हणून तसं दिसतं. भरती लागली की पाणी उलटं, बोर्दोच्या दिशेनं वाहायला लागतं, लाकडाचे ओंडके वर जाताना दिसतात. पश्चिमेच्या काठावर मेदोक, म्हणजे जगप्रसिद्ध महागड्या वाईनचा पट्टा, आणि पूर्वेच्या काठावर ब्लाय आणि बूर ही साधी गावं.

माझं मत स्पष्ट आहे, मुक्काम पूर्वेला ब्लायमध्ये करा. नाव मेदोकचं मोठं असलं तरी तिथल्या बऱ्याच वाड्यांची दारं आधी वेळ घेतल्याशिवाय उघडत नाहीत आणि बराच वेळ डांबरी रस्त्याच्या कडेनं जातो. ब्लायकडं गावं जवळजवळ आहेत, बसायला बाक आहेत, खाडी सतत सोबत असते.

पहिल्या दिवशी फक्त ब्लायचा किल्ला. १६८५ ते १६८९ मध्ये वोबां या फ्रेंच सेनानी-इंजिनिअरनं तो उभा केला, आत जायला पैसे नाहीत आणि आत चक्क एक छोटी द्राक्षबाग आहे. तटावरून समोर बघा, पाण्याच्या मधोमध बेटावर एक गोल बुरूज आणि पलीकडच्या काठावर आणखी एक किल्ला दिसतो, कारण खाडी इतकी रुंद की एका काठावरच्या तोफा पलीकडं पोचत नव्हत्या, म्हणून त्यानं तीन ठिकाणांहून नाकाबंदी केली. २००८ पासून हे तिन्ही युनेस्कोच्या यादीत आहेत.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला प्लासाकपर्यंत जा, तीन-चार किलोमीटर असेल, तिथं रोमन काळातल्या वाड्याचे अवशेष आणि जमिनीवरची रंगीत खड्यांची नक्षी बघायला मिळते. गुडघे बरे असतील तर गाडीनं थोडं पुढं गोरियाक-बायोंकडं जाऊन चुनखडीच्या कड्याखालून जाणारा रस्ता चाला, एका बाजूला कड्याला टेकलेली कोळ्यांची घरं, अंगणात अंजिरं, दुसऱ्या बाजूला पाणी. काठावर खांबांवर उभ्या लाकडी खोपी दिसतील, त्यांना कारले म्हणतात. प्रत्येक खोपीपुढं एक चौकोनी जाळं टांगलेलं असतं, ते रहाटानं पाण्यात सोडायचं आणि थोड्या वेळानं वर ओढायचं, कोचीच्या चिनी जाळ्यांसारखंच. भरती चढत असताना पोचलात तर माणसं जाळी ओढताना दिसतील. भरतीची वेळ रोज साधारण पाऊण तास पुढं सरकते, तेव्हा आदल्या रात्री मुलीला तक्ता बघायला सांगा आणि त्याप्रमाणं निघा. ओहोटीला चिखलात मात्र उतरू नका, पाय रुततो.

आणि ज्या दिवशी अजिबात चढ नको त्या दिवशी ब्लाय ते एतोलिए हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकल रस्ता, एकदम सपाट, हवं तिथून परत फिरा.

आता तुमच्यासाठी खास. ब्लायहून लामार्कला फेरीबोट जाते, अर्ध्या तासाच्या आत पलीकडं, चालत जाणाऱ्यांनाही घेतात. (वेळा हंगामाप्रमाणं बदलतात, तपासून जा.) पलीकडं उतरलात की मेदोकची माती बघा, माती कसली, खडे-गोटे. पाणी लगेच खाली निथरतं आणि दिवसाची ऊब रात्री वेलींना मिळते. आपल्या काळ्या रानात पावसानं पाणी साचलं की काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. तिकडची म्हण अशी की चांगल्या वेली नदीकडं बघत असतात, आणि खरंच मोठ्या पाण्याच्या शेजारामुळं वसंतातला कडाका तिथं जरा कमी बसतो. आपल्याकडं मांडवाखालून माणूस उभा चालतो, तिथं वेल जेमतेम कमरेएवढी. आपण ९ बाय ५ फुटांवर लावतो, तिथं मीटरभर अंतरावर, एकरी चार हजारांच्या आसपास झाडं! म्हणून ट्रॅक्टरही उंच पायांचे, ओळीवरून दोन्हीकडं चाकं टाकून जाणारे. ठिबकच्या नळ्या जवळजवळ दिसणार नाहीत.

आणि काकू, तुम्ही मोरचूद आणि चुना कालवून जे बोर्डो मिश्रण मारता ना, त्याचा जन्म इथलाच, याच मेदोकमध्ये. रस्त्याकडेच्या वेलींचे घड लोक तोडून न्यायचे म्हणून शेतकरी त्यांच्यावर मोरचूद-चुना शिंपडायचे, घड विषारी वाटावेत म्हणून. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी १८८२ मध्ये सां-जुलियां भागात पाहिलं की डाऊनी या बुरशीच्या रोगानं बाकी बाग झडली पण रस्त्याकडेची पानं हिरवी आहेत, मग प्रयोग करून १८८५ मध्ये त्यांनी मिश्रणाचं प्रमाण प्रसिद्ध केलं. त्याच रस्त्यांवरून तुम्ही चालणार आहात, मला तर तुमच्या जागी असते तर भरून आलं असतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला घड भरलेले असतात, आधी पांढऱ्या द्राक्षांची तोडणी लागते, काळ्यांची त्यानंतर. घडाला हात लावू नका, आणि यंत्र चालू असेल त्या ओळीपासून लांब राहा. दुपारी १२ ते २ बरीच दुकानं बंद, सोमवारी तर पुष्कळच, तेव्हा पाणी, पाव, चीज, टोमॅटो सकाळीच घ्या, घरच्या दशम्या-चटणी असेल तर उत्तमच. कानेले नावाचा छोटा तपकिरी केक सगळीकडं दिसेल, त्यात अंडं आणि रम दोन्ही असतं, माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मी म्युनिकला नोकरी करते. बोर्दोत एकच दिवस मोकळा मिळतोय, ऑक्टोबर, गाडी नाही. ब्लाय की पोयाक?

उत्तर : ब्लायला बोर्दोहून बस आहे, पण एकच दिवस असेल तर मेदोकच्या काठावरचं पोयाक, कारण थेट ट्रेन जाते, साधारण सव्वा तास. स्टेशनवरून धक्क्यावर या, तिथून दक्षिणेला सां-जुलियांच्या दिशेनं चाला. मुख्य रस्त्यावर गाड्या जोरात जातात म्हणून बागांमधल्या कच्च्या वाटा धरा, डावीकडं खाडी ठेवलीत की चुकणार नाही. शेवटची काळी द्राक्षं वेलीवर असतील किंवा नुकती तोडलेली असतील, गावातून जाताना आंबत असलेल्या रसाचा वास येतो. शिकारीचा हंगाम चालू असतो, तेव्हा भडक रंगाचं जॅकेट घाला आणि झाडीत शिरू नका. परतीच्या गाड्या कमी आहेत, दोन गाड्यांमध्ये बराच वेळ जातो, तर स्टेशनवर उतरल्या उतरल्या परतीची वेळ बघून ठेवा.