लंडन पहिल्यांदा बघताय? मग हे वाचा

भुयारी रेल्वेच्या नकाशावर अंतरं मोजू नका. तो फक्त कुठली लाइन कुठे मिळते ते सांगतो. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन जेमतेम २६० मीटर. पहिल्या खेपेला मी शहाण्यासारखा खाली उतरलो, गाडीची वाट पाहिली, वर यायला लिफ्टच्या गर्दीत ताटकळलो. चालत चार मिनिटं लागली असती!

तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं. आत जाताना टेकवलेलंच कार्ड बाहेर पडतानाही टेकवा. सकाळी कार्ड आणि संध्याकाळी मोबाइल केलंत, तर यंत्रणेच्या लेखी तुम्ही दोन वेगळे प्रवासी. मग दिवसभराच्या भाड्याला असलेल्या कमाल मर्यादेचा फायदा हातचा जातो. परदेशी व्यवहाराला आपली बँक किती कापते, तेही निघण्याआधी विचारून ठेवा.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेतच नाहीत. तिथे कार्ड फक्त चढताना टेकवायचं. घाई नसेल तर मी बसच सुचवेन, वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट पकडून.

सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभे राहा, डावी बाजू घाईवाल्यांची. ब्रिटिश म्युझियमला प्रवेश मोफत आहे, त्यामुळे एका दिवसात सगळं उरकायचा अट्टहास नको. दोन दालनं बघा, पाय दुखले की निघा, परवा परत या.