रविवारची नाही, बुधवारची मंडळी शोधा

ताई, जय ख्रिस्त.

तुमचं पत्र सविस्तर होतं, म्हणून उत्तरही तसंच लिहितो. तुम्ही पुण्याच्या पंचहौद देवळातल्या. यजमानांना बोस्टनला नोकरी मिळाली आहे, जानेवारीत निघायचं आहे, दोन मुलं आणि सासूबाई बरोबर. तुमची काळजी अशी, की पोचून महिनाही होत नाही तोच लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, सुरू होईल. पुण्यात ते चाळीस दिवस भरगच्च असतात. इथे कुठे जायचं, मौनाचे मेळावे असतात ते काय, एपिस्कोपल चर्च आपलं म्हणावं का, आणि मराठी उपासना नसेल तर सासूबाईंचं कसं व्हायचं?

शेवटून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. हो, आपलंच म्हणा. आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्यांच्या ऐक्यातून झाली आणि ती अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, कुटुंबात आहे. एपिस्कोपल चर्च म्हणजे त्याच कुटुंबाचं अमेरिकेतलं घर. प्रभुभोजनाला तुम्ही पाहुणे म्हणून नाही, घरचे म्हणून पुढे जाल. मी नगरचा, काँग्रिगेशनल घरातला. आमच्या पूर्वजांना सुवार्ता सांगणारे अमेरिकन मराठी मिशनचे लोक बोस्टनच्याच संस्थेने पाठवलेले, पण त्यांची उपासना अगदी साधी. छापील प्रार्थना, गुडघे टेकणं, जांभळी वस्त्रं हे सगळं मी इथे येऊन शिकलो. तुम्हाला ते पंचहौदमुळे अंगवळणी असेल. तेवढी तुमची वाट सोपी.

अवघड आहे ते वेगळंच, आणि ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. इथली मंडळी रविवारी कळत नाही.

पहिल्या वर्षी आम्ही दोघं एका देवळात सलग दोन महिने गेलो. दारात हसून हात मिळवत, छापील पत्रिका देत, उपासना झाली की कॉफी. त्या कॉफीच्या वेळी आम्ही भिंतीला टेकून उभे. कुणी वाईट वागलं नाही, पण घरी कुणी आलं नाही आणि आम्हाला कुणी बोलावलं नाही. नगरला नवीन कुटुंब देवळात दिसलं, की संध्याकाळी पाळकसाहेब आणि मंडळीतले दोघे-तिघे प्रार्थनेला दारात हजर. तीच सवय मनात धरून आम्ही वाट पाहत बसलो. पत्नी एका रविवारी गाडीत बसून रडली. पुढे समजलं, की न विचारता कुणाच्या घरात शिरणं इथे अनुचित मानतात. माणसं तुमच्या हाकेची वाट पाहत असतात आणि आपण त्यांच्या. हे कोडं सुटलं ते लेंटमध्ये.

लेंटमध्ये बहुतेक देवळांत आठवड्यातल्या एका संध्याकाळी, बहुधा बुधवारी, सूप आणि पाव असतो. साधं जेवण, मग तासभर शिकवण किंवा चर्चा, शेवटी रात्रीची छोटी प्रार्थना, जिला कॉम्पलिन म्हणतात. रविवारी जिथे शंभर माणसं तिथे बुधवारी बारा. एका टेबलावर पाच-सहा जण. त्या टेबलावर गप्प बसता येत नाही, नाव सांगावंच लागतं. सूप कोण करणार याची यादी भिंतीवर लावलेली असते. आमच्या हिने दुसऱ्याच आठवड्यात त्यात नाव घातलं आणि मसुराची आमटी नेली, तिखट कमी करून. त्या रात्री चार जणांनी कृती लिहून घेतली. शनिवारी एक आजी ती आमटी जमली का हे चाखायला द्यायला आमच्या घरी आल्या. अमेरिकेत आमच्या दारात प्रार्थनेसाठी थांबलेलं ते पहिलं माणूस. म्हणून सांगतो, चर्च निवडताना रविवारच्या उपासनेवरून ठरवू नका, आणि ईस्टरच्या गर्दीवरून तर मुळीच नको. लेंटमधल्या दोन बुधवारी जा आणि मग ठरवा. सासूबाई लेंटभर मांसाहार सोडतात असं तुम्ही लिहिलंय. एक सूप बहुधा शाकाहारी असतं, पण विचारून घ्या. नुसत्या भाज्या दिसल्या तरी रस्सा कोंबडीच्या पाण्यातला असू शकतो.

२०२७ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे लेंटचा पहिला दिवस, १० फेब्रुवारीला आहे आणि ईस्टर २८ मार्चला. फेब्रुवारीत बोस्टनला सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग. सासूबाईंना घसरणार नाहीत असे बूट आल्या आल्या घ्या, देवळात जाण्याआधी.

राखेच्या बुधवारी उपासना सकाळी सात, दुपारी बारा आणि संध्याकाळी अशी दोन-तीन वेळा ठेवतात, कारण त्या दिवशी सुट्टी नसते. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेली राख अंगठ्याने कपाळावर क्रुसासारखी ओढतात आणि म्हणतात, तू माती आहेस आणि मातीला जाऊन मिळशील. नंतर ५१ वं स्तोत्र आणि पापकबुलीची एक लांब प्रार्थना. १९७९ च्या प्रार्थनापुस्तकातल्या त्या प्रार्थनेत रोजच्या कामातला अप्रामाणिकपणा आहे, दुसऱ्यांची पिळवणूक आहे, आणि सृष्टीची नासाडी करून पुढच्या पिढ्यांचा विचार न करणंही आहे. मी पहिल्यांदा ती म्हटली तेव्हा मधेच थांबलो होतो. आमच्याकडे पाप म्हणजे दारू, जुगार, खोटं. मी रोज कचऱ्यात किती अन्न टाकतो हे कुणी कधी गुडघ्यावर बसवून विचारलं नव्हतं.

त्याच उपासनेत मत्तयाच्या सहाव्या अध्यायातला उतारा वाचतात: उपास करता तेव्हा तोंड धुवा, लोकांना दाखवू नका. आणि लगेच कपाळावर राख! मी पाळकांना विचारलं, आता पुसू की ठेवू? त्या म्हणाल्या, दोन्ही चालेल, फक्त का ते स्वतःला सांग. मी ठेवून ऑफिसला गेलो. रात्री आईने फोनवर चेहरा पाहून विचारलं, कपाळाला काय लावलंयस? नगरच्या आमच्या घरात भस्म म्हणजे शेजारच्यांचं. मी तिला समजावून सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग माझ्याही नावाने जरा लाव.

मी ‘त्या’ म्हटलं हे लक्षात आलं असेल. इथे पाळक बाई असणं नेहमीचं आहे. १९७६ मध्ये त्यांच्या महासभेने ते मान्य केलं, आणि अँग्लिकन जगातल्या पहिल्या स्त्री-बिशप, बार्बरा हॅरिस, १९८९ मध्ये बोस्टनमध्येच अभिषिक्त झाल्या. समलिंगी जोडप्यांची लग्नंही इथे चर्चमध्ये होतात. सासूबाईंना हे देवळात गेल्यावर अचानक कळण्यापेक्षा घरी तुमच्याकडून आधी कळलेलं बरं.

आता तुम्ही विचारलेल्या मौनाच्या मेळाव्यांबद्दल, ज्यासाठी मी खरं तर हे लिहायला बसलो. आपल्याकडे लेंट म्हणजे आवाज: घरोघरी प्रार्थनासभा, ना. वा. टिळकांची भजनं, पेटी-तबला, साक्षी. इथे लेंट म्हणजे गप्प बसणं. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ही माणसं प्रार्थना करतच नाहीत. मग एका शनिवारी ‘क्वाएट डे’ला गेलो. सकाळी नऊ ते तीन. तीन छोटी प्रवचनं, मध्ये तास-तासभर मौन, जेवणसुद्धा न बोलता. अकरा वाजेपर्यंत मी घड्याळ पाहत होतो. बारानंतर वडिलांची आठवण आली. त्यांच्या अंत्यविधीला मला पोचता आलं नव्हतं आणि तोवर त्यासाठी जागाच मिळाली नव्हती, ना ऑफिसात, ना घरात. त्या बाकावर ती मिळाली. कुणी येऊन पाठीवर हात ठेवला नाही, आणि त्या दिवशी मला ते बरं वाटलं.

‘सेंटरिंग प्रेअर’ नावाचा वर्ग बऱ्याच देवळांत लेंटमध्ये भरतो. मॅसॅच्युसेट्समधल्याच स्पेन्सरच्या ट्रॅपिस्ट मठात १९७० च्या दशकात थॉमस कीटिंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली. वीस मिनिटं डोळे मिटून बसायचं, मनात एक शब्द. आपला माणूस लगेच म्हणेल, म्हणजे नामजप! मीही तेच धरून बसलो आणि वीस मिनिटं शब्द घोळवत राहिलो. शिकवणाऱ्या बाईंनी नंतर दुरुस्त केलं: शब्द सारखा म्हणायचा नाही, मन भटकलं हे लक्षात आलं की तेवढ्यापुरता त्याच्याकडे वळायचं आणि पुन्हा सोडून द्यायचा. इंग्रजी शब्द घ्या असं कुणी म्हणत नाही. माझा ‘बापा’ आहे.

दुसरी पद्धत लेक्शिओ डिव्हिना. एकच उतारा तीन-चारदा सावकाश वाचतात, दर वेळी मध्ये शांतता, आणि ज्याला जो शब्द लागला तो तो मोठ्याने सांगतो. एका वर्षी आमच्या गटाने मला शेवटचं वाचन मराठीत करायला सांगितलं. १३० वं स्तोत्र होतं. आठही जणांना एक अक्षर कळलं नाही आणि तरी त्यानंतरची शांतता सगळ्यांत लांब टिकली. सासूबाईंच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे आहे. उपासनेतलं इंग्रजी त्यांना पेलेल, कारण क्रम ओळखीचा आहे. या छोट्या गटांत मात्र त्यांचं मराठी पवित्र शास्त्र त्यांनी जरूर बरोबर न्यावं आणि वाचू का असं विचारावं. कुणी नाही म्हणणार नाही.

आणि पंचहौदच्या माणसाने एका ठिकाणी तरी गेलंच पाहिजे. बोस्टनला लागून असलेल्या केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या अँग्लिकन संन्यासी संघाचा मठ आहे, हार्वर्ड स्क्वेअर स्टेशनपासून चालत जाता येतं. तुमच्या देवळाचं मिशन चालवणारे काउली फादर्स याच संघाचे. ज्या मिशनमधला १८९० चा चहा लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानड्यांना एवढा महाग पडला, की प्रायश्चित्त घ्यावं लागलं, तेच हे घराणं. मठातल्या प्रार्थना सर्वांना खुल्या असतात, आणि मौनात राहायला खोल्याही मिळतात. लेंटसाठी मात्र फार आधी विचारावं लागतं. मी पहिल्यांदा त्या दगडी देवळात बसलो तेव्हा गुरुवार पेठेतला घंटानाद आठवला, आणि मी तर पुण्याचाही नाही. पंडिता रमाबाईंना १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा मिळाला तो वाँटेजच्या अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रयाला असताना, आणि त्याच भगिनी पंचहौदलाही होत्या. एपिस्कोपल दिनदर्शिकेत ५ एप्रिल हा रमाबाईंचा दिवस आहे, हेही सासूबाईंना सांगा.

मुलांसाठी बरंच असतं, थोडक्यात सांगतो. प्रार्थनेची माळ ओवायला शिकवतात, ३३ मण्यांची. झावळ्यांचे क्रूस विणतात. कुठे हॉलमध्ये मोठ्या कापडावर रंगवलेला लॅबिरिंथ अंथरतात. त्याला चक्रव्यूह समजू नका. त्यात वाट एकच असते, चुकायची सोयच नाही, सावकाश मध्यापर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. माझा मुलगा पळतच गेला होता, कुणी रागावलं नाही.

एक गोष्ट पहिल्या वर्षी टाळा: संगणकावर भरणारे पुस्तकचर्चेचे गट. चांगले असतात, पण तिथे चौकोनांतले चेहरेच दिसतात, सूप कुणी वाढत नाही. नव्या माणसाला देह घेऊन कुठेतरी जाऊन बसायची गरज असते.

आणखी दोन तारखा. १४ मार्चला, लेंटच्या पाचव्या रविवारी, घड्याळं एक तास पुढे जातील. नाही पाहिलंत तर पोचेपर्यंत उपासना संपलेली असेल, आमचं तसं झालं आहे. गुड फ्रायडे २६ मार्चला. मॅसॅच्युसेट्समध्ये त्या दिवशी सरकारी सुट्टी नसते. यजमानांना रुजू झाल्या झाल्या रजा मागून ठेवायला सांगा. बारा ते तीनची उपासना काही देवळांत असते, बाकी संध्याकाळी.

आदल्या गुरुवारची रात्र मात्र अजिबात चुकवू नका. त्या रात्री पाय धुतात. माझी आई एका वर्षी इथे होती. पाळकबाई तिच्यापुढे गुडघ्यावर बसल्या तेव्हा तिने पाय मागे ओढले. वयाने लहान असली तरी देवाच्या सेवकाने आपले पाय धुवावेत हे तिला सोसेना. बाई तशाच थांबल्या, हातात तांब्या. शेवटी आईने पाय पुढे केले. मग उठून तिने पदर खोचला, तांब्या घेतला आणि रांगेतल्या पुढच्या माणसाचे, एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याचे, पाय धुतले आणि पदरानेच पुसले. टॉवेल बाजूला तसाच घडी घातलेला राहिला. नंतर वेदीवरची वस्त्रं काढून ती उघडी केली, दिवे मालवले, आणि आशीर्वाद न घेता सगळे एकही शब्द न बोलता बाहेर पडले.

कागदपत्रं: पाचही जणांचे बाप्तिस्म्याचे आणि मोठ्यांचे दृढीकरणाचे दाखले, पाळकसाहेबांचं इंग्रजीतलं पत्र, प्रत्येकाच्या दोन प्रती. पोचलात की कळवा. राखेच्या बुधवारी संध्याकाळी मी गाडी घेऊन येईन, सासूबाईंना बर्फातून चालवू नका.