एकाच माणसाच्या दोन फायली

प्रिय मित्रा,

मसुदा वाचला. अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या त्या जर्मन शेतकऱ्याला तू पहिल्याच पानावर वीरपुरुष करून मोकळा झालास. अमेरिकन यादवी युद्धात लढला, मग ओसाड माळावर सोनं पिकवलं, संपलं! इतकं गुळगुळीत आयुष्य कुणाचं असतं का? आणि तो माळ ओसाड नव्हता रे. तिथल्या पॉनी या मूळनिवासी लोकांना १८७०च्या दशकात दक्षिणेला इंडियन टेरिटरीत, म्हणजे आजच्या ओक्लाहोमात, हलवलं गेलं. निदान तो एक शब्द आजच खोड.

आता वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून त्याच्या दोन फायलींच्या प्रती मागव. एक जमिनीची, एक माजी सैनिक म्हणून मागितलेल्या पेन्शनची.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळे, पण पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्याचं सिद्ध करावं लागे. घर केवढं, नांगरट किती एकर, मध्ये जमीन सोडून कुठे गेला होतास का, सगळं शपथेवर. शिवाय दोन साक्षीदार, आणि परदेशात जन्मलेल्याला नागरिकत्वाचा दाखला. १८७२पासून माजी सैनिकांना फौजेतला काळ या पाच वर्षांतून वजा करून मिळू लागला, तरी किमान एक वर्ष राहणं सुटत नसे. तेव्हा त्याची जमिनीच्या मालकीची सनद शेजाऱ्याच्या आधी निघालेली दिसली, तर वशिल्याचा वास घेत बसू नकोस. आधी तारखा जुळव. मध्येच काही महिने तो गायब असेल तर तेही तपासून घे. १८७४च्या टोळधाडीत पीक गेलेल्यांना जमिनीवरचा हक्क न गमावता बाहेर जायची मुभा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, दिली होती.

पेन्शनची फाईल मात्र सावकाश वाच. व्याधी युद्धातच जडलेली असली पाहिजे, ही अट १८९०च्या कायद्याने काढून टाकली. ९० दिवसांची नोकरी, सन्मानाने सुटका आणि अंगमेहनत होऊ न देणारं कायमचं दुखणं, एवढं पुरे. फक्त ते दुर्व्यसनातून आलेलं नको! रक्कम महिन्याला ६ ते १२ डॉलर. त्यामुळे या अर्जांत संधिवात, अंतर्गळ, जुनाट जुलाब, बहिरेपणा यांची रांगच लागलेली दिसते, आणि खाली तपासणाऱ्या डॉक्टरांचे कोरडे शेरे.

म्हणजे एका फायलीत माळ फोडणारा गडी आणि दुसरीत हात खांद्याच्या वर न जाणारा म्हातारा. त्याला खोटारडा ठरवायची घाई तुला होईल. करू नकोस. एका कागदाने त्याला काय केलंस ते विचारलं, दुसऱ्याने काय होत नाही ते. आणि दोन्ही उत्तरांवर त्याच्या घरचं पोट अवलंबून होतं. मधल्या वर्षांत माणूस झिजतो, तेव्हा नांगर कोण धरतं? बायको आणि पोरं. त्यांची नावं शोधायला १८९०ची जनगणना उपयोगाची नाही, ती १९२१च्या आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. नेब्रास्काची १८८५ची वेगळी गणती आहे, ती बघ.

त्याच्यामागे विधवेने पेन्शन मागितली असेल तर तू नशीबवान. तिला लग्न सिद्ध करावं लागे. लग्न जर्मनीत झालं असेल तर तिथल्या चर्चच्या नोंदवहीतला उतारा फाईलला जोडलेला सापडू शकतो, आणि त्यात त्याचं गाव.

पुढचा मसुदा पाठवशील तेव्हा दोन्ही जबान्यांच्या प्रती सोबत जोड. साक्षीदार तेच ते शेजारी आहेत का, ते मला बघायचंय.

तुझा,
सर