लाइफ कोचिंगनं मेंदूला खरंच नवं वळण लागतं का?

तुम्ही विचारलंय, दोन वर्षांच्या नापिकीनं मन खचलंय, एक लाइफ कोच '२१ दिवसांत मेंदू नव्यानं घडवून देतो' म्हणतो, तर पैसे भरावे का? मी यवतमाळ जिल्ह्यातला, कोरडवाहू कापूसवाला. या वाटेनं गेलोय म्हणून लिहितो.

वळण लागतं. पण २१ दिवसांत नाही, आणि नुसत्या बोलण्यानं तर नाहीच.

२०१७ ला गुलाबी बोंडअळी आली तेव्हा माझं पाच एकराचं वावर गेलं. वरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत अळी अन् पोखरलेली सरकी. हाती आली ती कवडी. कृषी केंद्राची उधारी तशीच राहिली. मग मी त्या दुकानावरून जाणंच सोडलं. बाजाराच्या दिवशी पांदणीचा चिखल तुडवत लांबून जायचो. हळूहळू फोन उचलणं बंद, लग्नकार्याला जाणं बंद.

मावसभावानं नागपूरच्या एका कोच ताईंशी गाठ घालून दिली. दर रविवारी फोन. सकारात्मक विचार करा, असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. विचारायच्या, "भाऊ, या आठवड्यात कोणत्या रस्त्यानं गेलात?" मग ठरलं: मंगळवारी बाजाराला दुकानावरूनच जायचं, दोन मिनिटं थांबायचं, रामराम करायचा, निघायचं. पहिल्या दिवशी तळहाताला घाम, अन् छातीत अशी धडधड की मालक काय बोलले ते ऐकूच आलं नाही. चौथ्या मंगळवारी बाकावर टेकलो. सातव्याला हप्त्याचा विषय मीच काढला.

टाळलं की लगेच हायसं वाटतं, आणि मेंदू तेच शिकतो. भीती पक्की होते. सामोरं गेल्यानं जुनी भीती पुसली जात नाही, तिच्याशेजारी नवी आठवण बनते आणि वापरून वापरून ती वरचढ होते. आपल्या काळ्या मातीतली बंडीची चाकोरी आठवा. नवी पाडायची तर त्याच जागेवरून पुन्हापुन्हा बंडी न्यावी लागते, अन् पाऊस पडला की चाक जुनीत घसरतं. मागच्या खरिपात माझंही घसरलं. त्यानं केलेलं वाया जात नाही.

किती दिवस? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या सवयींवर केलेला अभ्यास २००९ मध्ये आला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. म्हणून २१ ची हमी देणाऱ्याला पैसे देऊ नका. लाइफ कोच व्हायला आपल्याकडे सरकारी परवाना लागत नाही, तेव्हा आधीच विचारा: पहिल्या आठवड्यात मला करायला काय सांगाल? उत्तरात नुसतं भाषण आलं तर फोन ठेवा. आणि मन घट्ट झाल्यानं कापसाचा भाव वाढत नाही, कर्जही फिटत नाही. माझं इतकंच झालं की कर्जाबद्दल बोलायला तोंड उघडलं.

जेवण तुटलं असेल, झोप पार उडाली असेल, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटत असेल तर कोचचा विचार सोडा. टेली मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर आजच फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलतात.

तुम्ही सध्या काय टाळताय, ते इथंच लिहा. दर रविवारी मी विचारीन.